वचनं वेचायला आलेल्या माणसाला

ल लोक्ल, ज्युरा पर्वत. मार्च १७८६.

या. पण आधी बूट झटका, बर्फ आत आणू नका,
पुसायचं मलाच आहे.
तर तुम्ही इव्हर्दोंच्या छापखान्याचे,
आणि आमच्या मालकांची वचनं हवीत तुम्हाला,
एलिए बोरेल यांची, चामडी बांधणीत, सोनेरी कडांची.
बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय
मालकांच्या शत्रूंच्या युक्तिवादासारखा,
वजन पडेपर्यंतच भक्कम.
(हे त्यांचंच. घ्या लिहून. पहिलं झालं.)

वचनं कसली, चष्मा शोधताना बोलायचे.
चष्मा कपाळावर, हात माझ्या पिठाच्या डब्यात,
आणि तोंडातून असं काही निघायचं
की दूधवालाही चरवी खाली ठेवून थांबायचा.

पाद्री शाय्ये यांनी इथेच विचारलं होतं, या चुलीपाशी,
"बोरेल, नरकाच्या आगीची भीती नाही वाटत?"
"जून ते ऑगस्ट वाटते," मालक म्हणाले,
"एरवी लाकूड फार महाग असतं."
पाद्री हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी
त्यांच्या गाड्यावरून लाकडाची एक मोळी आली, निरोप न देता.
मोळीचंही लिहा.
नुसतं बोलणं छापलंत तर पाद्री मूर्ख दिसतील,
आणि ते नव्हते.

घड्याळजी युगनँ एकदा फुशारकी मारत होता,
माझं घड्याळ आठवड्यात अर्धा मिनिट चुकतं, फक्त अर्धा.
मालक म्हणाले, "लोक आपल्या मतांना रोज किल्ली देतात,
झाकण उघडून आत कुणीच बघत नाही."
युगनँने ते मनावर घेतलं,
घरी जाऊन बायकोशी भांडला, तीन दिवस जेवला नाही.
बायको मलाच बोल लावून गेली.

आणखी? हं.
"विवेक ही मेणबत्ती. तिचा उजेड
आधी धरणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो."
असं म्हणत मांजराच्या शेपटीवर पाय दिला त्यांनी.
मेणबत्ती हातातच होती.

एक सांगू का नको, कळत नाही.
त्या हिवाळ्यात ते समतेवर लिहीत होते.
रात्री वाचून दाखवायचे, मोठ्याने, मला म्हणून नाही,
भिंतीला. मी भांडी घासत असायचे.
"सर्व माणसं," असं सुरू व्हायचं ते.
मी चौकातल्या झऱ्यावरून तिसरी बादली आणत होते,
बोटांना बर्फाच्या भेगा पडलेल्या,
सहज तोंडातून गेलं, "मालक, त्या सर्वांत मी धरलेली आहे का?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
त्या माणसाला उत्तर सुचलं नाही.

सकाळी उठून बघते तर बादली जागेवर नाही.
खिडकीतून दिसले, रात्रीच्या टोपीत,
अर्धं पाणी विजारीवर, अर्धं रस्त्यावर,
आणि त्यांच्यामागे गल्लीतली पोरं टाळ्या पिटत.
रविवारपर्यंत चाललं ते. मग खोकला झाला,
मग विसरले. माणूसच होते.

पण तो कागद बघा, सगळ्यात खालचा.
मला वाचता येत नाही, खोडलेलं मात्र ओळखू येतं.
एक अख्खी ओळ खोडलीय ना? आणि वर बारीक काहीतरी?
वाचा. मोठ्याने. भिंतीला नको, मला.

"पाणी कोण भरतं?"

एवढंच?

नाही, हे वचन नाही, खरं आहे तुमचं,
प्रश्न छापून कोण विकत घेणार.
राहू द्या. तो कागद राहू द्या माझ्याकडे.
आणि हो, माझा अकरा महिन्यांचा पगार थकलाय.
मागितला की म्हणायचे, "ज्युदित, काळ ही कल्पना आहे."
हे विनोद म्हणून छापू नका.